भोके पडलेले खुराडे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी फार दमले आहे. गोष्ट सांगता सांगता मधेच थांबले, तर रागावू नका. मी एक जुने खुराडे आहे. चिंचणीला, समुद्राकडच्या आळीत, विश्रामबाबांच्या अंगणात शेवग्याखाली उभे आहे. उभे आहे असे आपले म्हणायचे. एका बाजूने मी कलले आहे आणि त्या बाजूला विटांचा टेकू दिला आहे. खाऱ्या वाऱ्याने माझे नटबोल्ट गंजले, छपराचा रंग उडाला. आणि अंगावर तर भोकेच भोके आहेत. आळीतल्या मुली लपाछपी खेळताना माझ्यामागे लपतात आणि मला 'चाळण' म्हणतात. म्हणू द्या. ही भोके माझ्या अंगावर कशी आली, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म बोईसरचा. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक शेड होती. तिथे वॉचमनच्या केबिनी आणि चहाच्या टपऱ्या आयत्या तयार करून विकत. एकदा शेडच्या मालकाने मोबाइलवर कुठल्यातरी लांबच्या देशातल्या खुराड्याचा फोटो पाहिला आणि त्याला वाटले, हेही करून बघू. त्या फोटोतल्या खुराड्याच्या छपरावर बर्फ साचला होता. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. फोटोत होते तसेच त्यांनी मला केले. दोन पातळ पत्र्यांच्या मधे फोम दाबून भिंती बनवल्या आणि थंडी आत शिरू नये म्हणून छपराखाली बोटभर रुंदीच्या दोनच फटी ठेवल्या. आता चिंचणीची थंडी ती काय? पहाटे कानाला मफलर गुंडाळण्यापुरती. पण मला कोण विचारणार? मी तेव्हा खुराडेसुद्धा नव्हते. चार भिंती, एक दार आणि एक छप्पर, सगळे सुटे. "ये वाला ऊपर रख, नहीं तो दबेगा," असे म्हणत कामगारांनी मला एकावर एक रचले आणि दोरीने आवळून टेम्पोत टाकले.

मला विकत घेतले नीलेशने. नीलेश म्हणजे विश्रामबाबांचा मुलगा. तो बोईसरलाच एका कारखान्यात कामाला जातो. येता-जाता त्याने मला पाहिले होते. घेतले मात्र बायकोसाठी.

त्याच्या बायकोचे नाव दमयंती. तिचे माहेर डहाणूच्या बाजूचे. तिची आई नर्मदा वारली तेव्हा भावांनी घराला कुलूप लावले आणि ते आपापल्या कामाच्या गावी निघून गेले. आईच्या कोंबड्या तेवढ्या दारात राहिल्या. गावठी कोंबड्या, अंगावर कवड्यांसारखे ठिपके. नर्मदाबाईंच्या दारात कित्येक वर्षे त्यांचीच पिल्ले, मग त्या पिल्लांची पिल्ले, असे चालत आले होते. दमयंतीने त्या कोंबड्या टोपलीत घातल्या, वर जाळ्याचा तुकडा बांधला आणि एसटीने इकडे आणल्या. कोणी हसले तर ती म्हणायची, "हसा. माजं माहेर आता एवडंच हाय."

पुढे मुंगसाने त्यातली एक पळवली. दमयंती दोन घास जेवली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी टेम्पोतून अंगणात उतरले.

माझे कौतुक काय सांगू? नीलेशने नटबोल्ट आवळून मला उभे केले तेव्हा सगळी आळी जमली होती. शेजारच्या पुष्पलताबाईंनी तर माझ्या भिंतीवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्या घराला पन असं दार नाय." मला तेव्हा फार बरे वाटले होते. नवीन होते ना मी. दमयंतीने आत भाताचा तूस पसरला, आडव्या दांड्या बसवल्या, अंड्यांसाठी कोपऱ्यात खोका ठेवला. संध्याकाळी कोंबड्या एकामागून एक आत शिरल्या आणि दांडीवर ओळीने बसल्या. दमयंतीने कडी लावली आणि बराच वेळ ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

आणि मग विश्रामबाबा आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, छपराखाली बोट घातले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "नीलेश, ह्याला फटी हायेत."

मित्रांनो, विश्रामबाबांबद्दल तुम्हांला थोडे सांगायला हवे, म्हणजे पुढचे कळेल. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेला. होडीची एक रीत असते. मोसम संपला की ती वर ओढून घ्यायची आणि फळीफळीवरून हात फिरवायचा. जिथे फट लागेल तिथे कापूस ठासायचा आणि वरून राळ चोपडायची. खिळ्यापुरते भोक पाडले तरी ते त्याच दमात खिळ्याने बुजवायचे. तरुणपणी एकदा त्यांच्या होडीतली एक फट तशीच राहिली होती. भर समुद्रात पाणी आत आले. विश्रामबाबा परत आले. त्यांचा धाकटा भाऊ नरहरी आला नाही. त्यानंतर या माणसाने डोळ्यांसमोर फट म्हणून ठेवली नाही. घराच्या कौलात नाही, पाण्याच्या पिंपात नाही, दाराच्या चौकटीत नाही. होडी विकून झाली होती, पण कापसाचा डबा आणि राळ माळ्यावर जपून होती.

"बाबा, त्या तशाच असतात," नीलेश म्हणाला.

"फट ती फट," बाबा म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

माझ्या दोन्ही फटी त्यांनी अशा सुबक बुजवल्या की शेडच्या मालकालाही ओळखू आल्या नसत्या. हात फिरवला तरी जोड लागेना. मी बाहेरून गुळगुळीत झाले. आतून काय झाले ते कोणालाच दिसत नव्हते. मला मात्र कळत होते.

थंडीचे दिवस कसेबसे निघाले. शिमगा झाला आणि ऊन तापायला लागले. आमच्याकडचे ऊन नुसते तापत नाही, ते चिकटते. दिवसभर माझे छप्पर तापायचे आणि रात्री सगळी ऊब पोटात कोंडून राहायची. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ वर जायची, छपराला लागून थेंब व्हायची आणि तुसावर ठिबकायची. ओला तूस आणि शिट, त्यात कोंडलेली ऊब. सकाळपर्यंत डोळ्यांना झोंबणारा असा काही दर्प भरायचा की मला स्वतःचीच किळस यायची. सकाळी दमयंती दार उघडायची आणि पाठमोरी होऊन दाण्यांच्या डब्याकडे वळायची. तेवढ्यात तो दर्प वाऱ्यावर निघून जायचा. तिला कळायचे नाही.

कोंबड्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. मग त्या चोच उघडी टाकून धापा टाकू लागल्या. एके सकाळी एक दांडीखाली पडलेली सापडली. पुष्पलताबाई म्हणाल्या, मानमोडीची साथ आली असणार. दुकानातून औषध आणून पाण्यात घातले. चार दिवसांनी आणखी एक गेली. मग कोणीतरी म्हणाले, रात्रीची हवा लागली. झाले! विश्रामबाबांनी माझ्या दाराची चौकट तपासली, तिथे त्यांना सुरीचे पाते जाईल एवढी फट मिळाली, आणि त्यांनी तीही बुजवली. वरून जुने ताडपत्रीचे पांघरूण घातले. त्यांना सुनेचे दुःख बघवत नव्हते हो. जितक्या कोंबड्या मरायच्या, तितके ते मला अधिक मायेने बंद करायचे. मला वाचा असती तर मी ओरडले असते.

शेवटी नर्मदाबाईंच्या कोंबड्यांपैकी तीनच उरल्या. त्यांतली एक खुडूक होऊन खोक्यातल्या अंड्यांवर बसली होती. दमयंती तिला कवडी म्हणायची. आता पिल्ले निघाली तर त्या कवडीचीच निघणार होती. ती उठायला तयार नव्हती. बाकीच्या दोघी आता अंडी देत नव्हत्या. त्या दिवसा बाहेर मोकळ्या फिरून तरतरीत व्हायच्या. कवडी रात्रंदिवस माझ्या पोटात, त्या झोंबऱ्या हवेत, पंख फुगवून बसून राहायची. तिची मान खाली खाली जात होती.

दमयंती उघड्या दारात, वाऱ्याच्या बाजूला बसून तिला हाताने पाणी पाजायची. एकदा ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, ही गेली की झालं. मंग आईचं काय नाय ऱ्हायलं." बाबांनी ताडपत्रीची दोरी पुन्हा एकदा घट्ट केली.

त्यानंतर एका सकाळी बाहेर फिरणाऱ्या दोघींपैकी एक कोंबडी, दार उघडले तरी बाहेर आली नाही. मागच्या कोपऱ्यात पडली होती. दमयंतीचा हात पोचेना, म्हणून विश्रामबाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डोके, खांदे, सगळे माझ्या दारातून आत घातले. फटी बुजवल्यापासून कोणी एवढे आत आले नव्हते. त्यांनी मेलेली कोंबडी धरली, श्वास घेतला आणि तिथेच ठसकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. कसेतरी मागे सरकत ते बाहेर आले आणि अंगणात मातीतच बसून राहिले.

"काय झालं, बाबा?" दमयंती घाबरून म्हणाली.

बाबांनी आधी खोकला आवरला. मग म्हणाले, "पोरी, हा तर बंद खन हाय."

होडीच्या पोटात मासळी बर्फात ठेवायची जागा असते, तिला खण म्हणतात. रिकामा खण झाकलेला राहिला की आतली हवा नासते. आधी झाकण काढून वारा खेळू द्यायचा आणि मगच आत उतरायचे, हे बंदरावर लहान पोरांनाही बजावलेले असते. विश्रामबाबांनी स्वतः कितीतरी जणांना बजावले असेल.

"आनि मी वरून झाकन ठोकत बसलो," ते म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. त्या दर्पाने आलेले पाणी होते की आणखी कशाचे, ते मला विचारू नका.

त्यांनी ताडपत्री ओढून काढली. सुरीने माझ्या फटींतला कापूस, राळ, सगळे खरवडून काढले. दमयंतीने ओला तूस भरभर उपसला आणि कोरडा घातला. मला जरा बरे वाटले. पण दोन फटींनी काय होणार? दुपारी माझे छप्पर तापले आणि कवडी पुन्हा चोच उघडून धापा टाकू लागली. मला नवीन भोकेच पाडायला हवी होती.

रविवार होता, नीलेश घरी होता. तो म्हणाला, "बाबा, कंपनीचा माल हाय. भोकं पाडलीत तर वाया जाईल. उद्या त्या लोकांना इचारतो."

"उद्यापर्यंत ही ऱ्हाईल काय?" दमयंती म्हणाली.

विश्रामबाबांनी माळ्यावरून गिरमिट काढले. गिरमिट म्हणजे हाताने फिरवून भोक पाडायचे सुताराचे हत्यार. त्याचे टोक त्यांनी माझ्या भिंतीवर टेकवले आणि त्यांचा हात थांबला. ज्या माणसाने भावाच्या मागे आयुष्यभर भोके बुजवली, त्याला आज एक भोक पाडून ते तसेच उघडे ठेवायचे होते.

"पाऊस आत आला तर?" ते हळूच म्हणाले.

"आला तर पुसू, बाबा," दमयंती म्हणाली.

त्यांनी गिरमिट फिरवले.

दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले. पण त्या भोकातून पहिला वारा आत आला, तेव्हा मला समुद्राचा वास आला. इतके दिवस समुद्राशेजारी राहून तो मला ठाऊक नव्हता. एकाला एक लागून भोके पाडून, मधला पत्रा करवतीच्या पात्याने कापून बाबांनी हातभर लांबीची खिडकी केली. पहिली खिडकी चुकलीच म्हणा. ती दांडीच्या उंचीवर आली आणि वारा थेट कोंबडीच्या अंगावर, पिसे उलटी करत जाऊ लागला. बाबांनी ती पुन्हा बंद केली, आणि मला वाटले, संपले आता, हा माणूस काही सुधारायचा नाही. पण त्यांनी शिडी लावली आणि दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, छपराच्या लगत, दोन्ही बाजूंना लांब खिडक्या कापल्या. खाली, समुद्राच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर बारीक भोकांची रांग पाडली. नीलेश आधी नुसता बघत होता. मग त्यानेच बोल्ट सैल करून माझे छप्पर थोडे उचलले आणि मधे लाकडाचे ठोकळे सरकवले. खालून गार हवा आत येऊ लागली आणि तापलेली वरून निघून जाऊ लागली. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी केवढी वाट पाहावी लागली.

खिडक्यांना बाबांनी आधी जाळ्याचा तुकडा बांधला. कोळ्याच्या घरात दुसरे काय सुचणार? दोन दिवसांत मुंगसाने तो कुरतडलेला दिसला. मग नीलेशने लोखंडी जाळी आणून ठोकली. आमच्याकडे पाऊस आडवा येतो, म्हणून प्लॅस्टिकचे डबे उभे चिरून प्रत्येक खिडकीवर उतरती झापडे लावली. मी दिसायला अगदीच ध्यान झाले. पुष्पलताबाई म्हणाल्या, "नव्याचं काय करून ठेवलंत?" मला त्याचे काही वाटले नाही.

कवडी जगली. आणि तिच्या खोक्यातून एक दिवस चिवचिव ऐकू आली. दमयंतीने पदरात पिल्ले घेऊन बाबांना दाखवली. कवड्यांसारखे ठिपके अजून उमटले नव्हते, पण ते उमटणार हे तिला माहीत होते. बाबांनी एक पिल्लू हातावर घेतले आणि दुसरा हात डोळ्यांवर धरून ते नुसते बसून राहिले.

त्यानंतरची वर्षे म्हणजे रोजचे काम. सकाळी कडी उघडायची, संध्याकाळी लागायची. कवडीच्या पिल्लांची पिल्ले माझ्या दांडीवर बसली. पावसाळ्यात थोडे पाणी आत यायचे आणि दमयंती ते पुसायची. एकदा तिला उशीर झाला तर विश्रामबाबांनी पुसले. हळूहळू माझ्याकडे कोणी मुद्दाम बघेनासे झाले. बोल्ट गंजला तर तसाच राहिला. जुन्या वस्तूंचे असेच होते, त्याची मी तक्रार करत नाही.

घरात मात्र बदल झाले. नीलेशने पडवीच्या जागी स्लॅबची खोली बांधली. विश्रामबाबांना तोवर दम लागायला लागला होता. बापाला खारा वारा नको, धूळ नको, म्हणून नीलेशने त्या खोलीत एसी बसवला आणि बाबांची खाट तिथे टाकली. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीची काच लावून घेतली आणि वरच्या झरोक्यात थर्माकोल ठासून चिकटपट्टी मारली. किती निगुतीने केले म्हणून सांगू. बापाचाच हात होता तो. ती खिडकी माझ्या वरच्या भोकांतून मला समोर दिसते. काचेमागे बाबा उशीला टेकून बसलेले दिसायचे. औषधे चालू होती. औषधांतले मला काही कळत नाही. पण उघड्या होडीवर आयुष्य काढलेला तो माणूस तोंड उघडे टाकून त्या झरोक्याकडे बघत राहायचा. तसे तोंड मी आधी पाहिले होते. मला पुन्हा एकदा ओरडावेसे वाटले आणि पुन्हा वाचा नव्हती.

त्या पावसाळ्यात एका सकाळी दमयंती अंडी काढायला आली. कोपऱ्यात हात घालण्यासाठी तिने डोके माझ्या दारातून आत घातले. मी दुसरे काय करणार? माझ्याकडे होती तेवढी सगळी हवा मी तिच्या तोंडावर सोडली. तिच्या कपाळावरची बट हलली. ती तशीच थांबली. मग मान वळवून तिने बाबांच्या खिडकीकडे पाहिले.

अंडी तिथेच राहिली. ती घरात गेली, स्टूल घेतले आणि मासळी कापायची सुरी घेऊन झरोक्याशी चढली. थर्माकोलचे पांढरे तुकडे बाहेर अंगणात पडू लागले आणि कोंबड्या दाणे समजून धावल्या.

"अगं, एसीची हवा जाईल ना," नीलेशचा आवाज आला.

"जाऊ दे," ती म्हणाली. मग काच सरकल्याचा आवाज झाला.

बाबांचा आवाज अगदी बारीक होता, पण खिडकी आता उघडी होती, त्यामुळे मला ऐकू आला. "पाऊस आत येल, पोरी."

"आला तर पुसू, बाबा."

मग बाबांनी एक लांब श्वास घेतला. तो मला अंगणात ऐकू आला.

विश्रामबाबा भाद्रपदात गेले. बरे काही झाले नव्हते ते. पण तो सगळा पाऊस त्यांनी उघड्या खिडकीपाशी समुद्र ऐकत काढला आणि तो सगळा पाऊस दमयंती खोलीतली फरशी पुसत होती. नीलेशनेही पुसली. गेले तेव्हा झरोका उघडाच होता.

आता नीलेश म्हणतो, हे खुराडे पार खिळखिळे झाले, नवे आणू. बरोबरच आहे. मला राग नाही, खरेच मी दमले आहे. दमयंती त्याला एवढेच म्हणाली, "आन. पन आदी बाबांचं गिरमिट शोधून ठेव."

नीलेशला ते माळ्यावर कापसाच्या डब्यात सापडले. त्याने त्याला तेल लावले आणि माझ्या दाराच्या खिळ्याला टांगून ठेवले. वारा आला की ते माझ्या अंगावर हळूच आपटते.

मित्रांनो, मी उद्या भंगारात जाईन. माझ्यासाठी काही मागायचे नाही. पण तुमच्या घरी कोंबड्या असतील, गाय असेल, खाटेवर पडलेले आजोबा असतील, आणि त्यांच्यावरच्या मायेने तुम्ही दारे-खिडक्या लावून घेत असाल, तर एकदा आत डोके घालून श्वास घेऊन बघा. आणि वरती कुठेतरी थोडे उघडे ठेवा. पाऊस आत येईल. आला तर पुसा.